आधी अंदाज, मग उत्तर, मग ताळा

(दहावी १९९१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा हुकूम असा की प्रत्येकाने पंधरा मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलायचं आणि कंटाळा आणायचा नाही. आधीच्या वक्त्या डॉक्टर आहेत. त्यांनी मधुमेहावर बोलून आपल्या सगळ्यांच्या ताटातल्या जिलेबीची चव घालवली. माझ्या विषयाने जिलेबीला धोका नाही, फक्त नाव जड आहे: फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस. एखादी वस्तू, म्हणजे पूल, शेड, गाडीची चासी, पाण्याच्या टाकीचा स्टँड, भार आल्यावर किती वाकेल आणि कुठे तुटेल, हे ती बनवण्याआधी संगणकावर पाहायचं. बावीस वर्षं पुण्यात मी हेच केलं. पाच वर्षांपूर्वी आईच्या आजारपणामुळे सिंदी मेघेला परत आले. आता दर रविवारी सकाळी घरच्या हॉलमध्ये पॉलिटेक्निकची आणि इंजिनिअरिंगची दहा-बारा मुलं येतात आणि आम्ही हेच शिकतो. एकही रुपयाचं सॉफ्टवेअर विकत न घेता.

हे शास्त्र कळायला लागणारं बरंचसं सामान आपल्याला याच शाळेत मिळालं होतं, हे आधी सांगते. आपण कागदाचं वर्तुळ कापून त्याच्या सोळा पाकळ्या केल्या होत्या, आठवतं? एक वर, एक खाली अशा चिकटवल्या की जवळजवळ आयत तयार होतो. सर म्हणायचे, पाकळ्या जितक्या बारीक, तितका आयत खरा. इथेही तेच. अवघड आकाराचे लहान लहान सोपे तुकडे करायचे. त्या तुकड्याला एलिमेंट म्हणतात, त्याच्या कोपऱ्यांना नोड आणि सगळ्या जाळीला मेश. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेतला ताणकाटा. वजन दुप्पट केलं की स्प्रिंग दुप्पट ताणली जाते, हा हूकचा नियम. प्रत्येक एलिमेंट म्हणजे एक जरा गुंतागुंतीची स्प्रिंग. तिसरी गोष्ट एकसामयिक समीकरणं. आपण क्ष आणि य काढताना घामाघूम व्हायचो. संगणक दोन लाख अज्ञातं एका दमात काढतो, पण करतो तेच.

ही पद्धत फार जुनी नाही. गणितज्ञ कूरांत यांनी १९४३ मध्ये तुकडे पाडण्याची कल्पना मांडली. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पंखांच्या अभ्यासातून ती इंजिनिअरांच्या हातात दिली. १९६० मध्ये क्लफ यांनी तिला आजचं नाव दिलं. आपले आजोबा विहिरीवर मोट हाकत होते त्याच काळातली ही गोष्ट.

आता पैशाची बाजू. पुण्यात मी जी सॉफ्टवेअर वापरायची, त्यांचे परवाने लाखांच्या घरात जातात. सिंदी मेघेला आले तेव्हा माझ्याकडे अनुभव होता, परवाना नव्हता. मग मुक्त सॉफ्टवेअर शोधली आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिनी झाले. आकार काढायला फ्रीकॅड. गणित करायला कॅल्क्युलिक्स. हे गुइडो डॉन्ट आणि क्लाउस विटिग या म्युनिकमधल्या विमान-इंजिनांच्या कंपनीतल्या दोन इंजिनिअरांनी लिहून १९९८ मध्ये सर्वांना खुलं केलं. फ्रान्सच्या वीज कंपनीने अणुवीज केंद्रांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेलं कोड-अ‍ॅस्टर २००१ पासून मुक्त आहे. फिनलंडचं एल्मर आहे. चित्रं पाहायला पॅराव्ह्यू आहे. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप शिकण्यापुरता पुरतो. कॅल्क्युलिक्सची लिहिण्याची पद्धत मोठ्या कारखान्यांत चालणाऱ्या आबाकससारखीच आहे, त्यामुळे इथे शिकलेलं पोर तिकडे नोकरीला गेलं तर पाटी कोरी करावी लागत नाही.

तर सॉफ्टवेअर फुकट मिळालं. बटणं कुठली दाबायची हे दोन रविवारांत येतं. खरं शिकणं तिथून पुढे सुरू होतं, आणि त्याचा मंत्रही याच शाळेतला आहे. भागाकार झाला की सर विचारायचे, 'ताळा पाहिला का?' उत्तर बरोबर असलं तरी ताळा नसला की अर्धा गुण गेला. तेव्हा राग यायचा. आज माझ्या वर्गात फळ्यावर कायमचं लिहिलेलं आहे: आधी अंदाज, मग उत्तर, मग ताळा.

पहिला धडा एका लोखंडी पट्टीचा. वेल्डिंगच्या दुकानात मिळते तीच, ५० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड. ती भिंतीत आडवी घट्ट रोवली आहे, एक मीटर बाहेर आली आहे आणि टोकाला १० किलोचं वजन टांगलं आहे. टोक किती खाली जाईल? संगणक बंद ठेवून वहीत करायचं. भार गुणिले लांबीचा घन, भागिले तीन गुणिले पोलादाची ताठरता गुणिले छेदाचा जडत्व-आघूर्ण. उत्तर येतं ३९ मिलिमीटर, म्हणजे दीड इंच. भिंतीजवळचा स्ट्रेस येतो दर चौरस मिलिमीटरला ११८ न्यूटन. साधं पोलाद साधारण २५० ला कायमचं वाकायला लागतं, म्हणजे पट्टी सुरक्षित आहे. हे आकडे वहीत लिहून सही केल्याशिवाय मी लॅपटॉप उघडू देत नाही.

मग संगणक. मी मुद्दाम आधी साधे, चारच नोडचे चौमुखी तुकडे वापरायला लावते, आणि तेही मोठे. संगणक गंभीर चेहऱ्याने सांगतो की टोक फारसं हललंच नाही. आकडा ३९ च्या कितीतरी खाली. मुलं चक्रावतात. कारण असं की तो साधा तुकडा स्वतः वाकू शकत नाही, त्याच्या कडा सरळच राहतात, म्हणून पट्टी आहे त्याहून ताठ भासते. मग कडांच्या मध्यावरही नोड असलेले दहा नोडचे तुकडे घेतले की उत्तर ३९ ला येऊन टेकतं. जाळी बारीक करत गेलं की खाली जाण्याचा आकडा स्थिरावतो. पण भिंतीच्या अगदी कोपऱ्यातला स्ट्रेस मात्र स्थिरावत नाही, जाळी बारीक होईल तसा वाढतच जातो. कारण जगात नसलेला अणकुचीदार कोपरा आणि जगात नसलेली पूर्ण अढळ भिंत आपण संगणकाला दिलेली असते. तिथला लाल रंग पाहून घाबरायचं नसतं, आणि दुसरीकडचा निळा रंग पाहून निश्चिंतही व्हायचं नसतं.

पुढचा धडा पट्टीच्या स्वतःच्या वजनाचा. त्याने टोक आणखी सुमारे सहा मिलिमीटर खाली यायला हवं. कॅल्क्युलिक्सला एककं कळत नाहीत, ती सांभाळणं आपलं काम. लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये घेतलं, तर वस्तुमान टनांत घ्यावं लागतं. मग पोलादाची घनता ७८५० न राहता ७.८५ भागिले १०० कोटी होते. एका मुलाने पुस्तकातला ७८५० तसाच टाकला. संगणकाने हूं की चूं केलं नाही. उत्तर दिलं की पट्टीचं टोक ५८ लाख किलोमीटर खाली गेलं आहे. म्हणजे चंद्राच्या अंतराच्या पंधरा पट! वर्ग हसून लोटपोट झाला. मी म्हटलं, हसा, पण एक लक्षात ठेवा. चूक इतकी मोठी असली की कळते. उत्तर दुपटीने चुकलं असतं तर तुम्ही माना डोलावल्या असत्या.

आता आपल्याच वर्गातल्या एका भावाची गोष्ट. ते समोर बसले आहेत आणि नाव घ्यायचं नाही अशी त्यांनी खूण केली आहे. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी एका शेतकऱ्याने त्यांना सोयाबीन आणि तूर ठेवायला पत्र्याची शेड सांगितली, बाजू बऱ्याचशा उघड्या. माझ्या मुलांनी सराव म्हणून तिचा ट्रस, म्हणजे दुकानाच्या भाषेत कैची, फ्रीकॅडमध्ये काढला, पत्र्याचं वजन टाकलं, वर चढणाऱ्या माणसाचं वजन टाकलं. चित्र आलं निळंशार. कुठे चिंता नाही. भाऊंनी ते निरखून पाहिलं आणि मला विचारलं, 'मॅडम, चित्र त झक्कास आहे. पण हा कम्प्युटर खोटं बोलते का जी?'

मी म्हटलं, 'तो खोटं नाही बोलत भाऊ. पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतो.'

ते म्हणाले, 'म्हंजे कोर्टातल्या साक्षीदारावानी!'

इतक्या वर्षांत माझ्या विषयाची इतकी नेमकी व्याख्या मी ऐकली नव्हती. आणि मुलांनी साक्षीदाराला एक प्रश्न विचारलाच नव्हता: वारा. मे महिन्यातलं वादळ आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्याकडे पत्र्याचं छप्पर सहसा खाली बसत नाही, ते उडतं. मग वही काढली. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो. ४४ गुणिले ४४ गुणिले ०.६, म्हणजे दर चौरस मीटरला ११६२ न्यूटन. किलोत सांगायचं तर ११८. शेडची उंची, उतार, उघड्या बाजू यांप्रमाणे तो कमी-जास्त होतो. पण निम्माच धरला तरी दर चौरस मीटरला ५९ किलोची ओढ वरच्या दिशेने. आणि अशा हलक्या छपराचं स्वतःचं वजन किती? पत्रे आणि पर्लिन धरून दहा-पंधरा किलो. उरलेलं कोण धरणार? हूक, बोल्ट आणि पायातलं काँक्रीट.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वजन खाली असतं तेव्हा कैचीचा खालचा भाग ओढला जातो. म्हणून खर्च वाचवायला भाऊंनी तिथे सळई धरली होती. ओढ सोसायला सळई पुरते. पण वारा छप्पर उचलायला लागला की गणित उलटं होतं, खालचा भाग दाबला जातो, आणि दाबली की सळई उदबत्तीसारखी बाहेर वाकते. साधं विश्लेषण हे बकलिंग दाखवत नाही, ते वेगळं विचारावं लागतं. आम्ही विचारलं. सळईने दगा दिला. तिच्या जागी पाइप टाकला तेव्हा कैची टिकली.

पाइपने भाव वाढला. भाऊंच्या पोटात गोळा आला, कारण शेजारच्या दुकानाचा भाव आधीच कमी होता आणि ऑर्डर हातची जायची वेळ आली. त्यांनी शेतकऱ्याला दुकानात बोलावलं, एक सळई दोन्ही हातांनी ओढायला दिली आणि मग तीच दोन्ही टोकांकडून दाबायला सांगितली. दहा सेकंदांत समजलं. शेवटी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सगळं तपासून, सही घेऊन शेड उभी राहिली. मुलांचं विश्लेषण हा अभ्यास आहे, त्यावर सही लागतेच, हे मी प्रत्येक वर्गात सांगते. त्या शेडवर अजून मोठं वादळ आलेलं नाही. येऊही नये. पण आले तर खाली कोणाची तरी बायको-पोरं तूर भरत असतील, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

हे फक्त लहान दुकानांतच घडतं असं समजू नका. आपण दहावी पास होऊन अकरावीत गेलो, त्याच वर्षी, २३ ऑगस्ट १९९१ ला, नॉर्वेतल्या स्टाव्हँगरजवळच्या खाडीत स्लाइपनर-ए या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा अवाढव्य पाया चाचणी चालू असताना फुटून बुडाला. माणसं वाचली, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचं. चौकशीत निघालं काय? तीन कोठ्या जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मेश ढोबळ होती, तुकड्यांचा आकार बिघडलेला होता, आणि शिअरचा ताण खऱ्यापेक्षा सुमारे ४७ टक्के कमी दाखवला गेला होता. त्याच्या भरवशावर भिंत पातळ आणि सळ्या अपुऱ्या ठेवल्या गेल्या. नंतर काळजीपूर्वक गणित केलं तेव्हा ६२ मीटर खोलीवर भिंत फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. म्हणजे पद्धत खरी होती. ताळा राहिला होता.

आपल्या मातीचाही एक ताळा असतो. संगणकात खांबाचा पाय 'फिक्स्ड' या एका शब्दाने अढळ होतो. आपल्या काळ्या मातीत मात्र उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. म्हणून मुलांना मी एकच शेड दोनदा करायला लावते, एकदा पाय अढळ धरून आणि एकदा पाय थोडा फिरू देऊन. दोन्ही उत्तरांत तगली पाहिजे. तसंच ऊन. बारा मीटर लांब पोलाद ३५ अंशांच्या फरकाने पाच मिलिमीटर वाढतं. वाढायला जागा ठेवली तर काही बिघडत नाही. दोन्ही टोकं जखडली तर दर चौरस मिलिमीटरला ८४ न्यूटनचा दाब नुसत्या उन्हाने तयार होतो. वर्ध्याचा उन्हाळा कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकात नाही, तो आपल्यालाच टाकावा लागतो.

मला कोणी विचारतं, फुकटचं आहे म्हणूनच वापरता ना? सुरुवात त्यानेच झाली. आता कारण वेगळं आहे. मुक्त सॉफ्टवेअरचं पोट उघडून पाहता येतं. तो दहा नोडचा तुकडा नेमकं कोणतं गणित करतो, हे एखाद्या जिज्ञासू मुलीला ओळ न् ओळ वाचता येतं. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याची नई तालीम तिथून सुरू झाली. सेवाग्राम आपल्या शेजारी. मुलांनी साधन नुसतं वापरू नये, ते कसं चालतं हे समजून घ्यावं, हे आपल्या हवेतच आहे.

आणि हे काम आपल्या राज्यातही चालू आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातून ओस्डॅग नावाचं मुक्त सॉफ्टवेअर तयार झालं. आयएस ८०० : २००७ या आपल्या मानकाप्रमाणे पोलादी जोड आणि भाग त्यात रचता येतात. कैचीचा जोड काढायला आमची मुलं तेच वापरतात. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, पायथनसारखे विषय दहा-दहा मिनिटांच्या चित्रफितींतून मराठीतही शिकता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात हा आधार किती मोठा असतो, हे इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आता भाषणाच्या शेवटी मागणं असतंच, माझंही आहे. पैसे नकोत. एक, घरात पडून असलेले, चालू स्थितीतले लॅपटॉप द्या; आमच्याकडे दोन मुलांमागे एक आहे. दोन, मुख्याध्यापकांना विनंती, की रविवारी सकाळी तीन तास शाळेची एक खोली मिळावी. माझ्या हॉलमध्ये आता आईच्या खुर्चीला जागा उरत नाही. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: तुमच्यापैकी जे वेल्डिंग करतात, बांधकाम करतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात, त्यांनी महिन्यातून एक रविवार वर्गात येऊन बसावं. मुलांना आकडे काढता येतात, पण बोल्ट प्रत्यक्षात कसा कसला जातो, वेल्ड कुठे पहिला तडकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. संगणकाला काय विचारायचं, हे तुमच्याकडून कळेल. त्याचं उत्तर मानायचं की नाही, हे आपण मिळून वहीत पाहू.

गणिताचे सर आज इथे आहेत. सर, तुम्ही कापलेल्या अर्ध्या गुणांचा आता मुळीच राग नाही. पुढच्या रविवारी तुम्ही यावं आणि आमच्या मुलांच्या वह्या तपासाव्यात. गुण कापायची पूर्ण मुभा आहे.